रेडिओ केंद्र कुणासाठी? चाकोरीबाहेरच्या प्रयोगांचा आढावा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या शहरात सकाळी एफएम लावा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केंद्रं बदलत जा. जवळपास सगळीकडे तेच ऐकू येईल: नव्या हिंदी चित्रपटांतली ठरावीक गाणी, मध्येच कुणाला तरी फोन लावून केलेली थट्टा आणि फ्लॅट-दागिन्यांच्या जाहिराती. निवेदकाने नाव घेतलं नाही, तर कुठलं केंद्र लागलंय हे सांगता येणार नाही. दरम्यान गाणी ऐकवण्याचं काम मोबाइलवरच्या ॲप्सनी रेडिओच्या हातून बरंचसं काढून घेतलं आहे. मग रेडिओ केंद्राने करायचं काय?

या प्रश्नाला जगात आणि आपल्याकडेही जी उत्तरं शोधली गेली, ती फार वेगवेगळी आहेत. कुठे खाणकामगारांनी पगारातून वर्गणी काढून केंद्र चालवलं, कुठे जंगलात ओलीस ठेवलेल्या माणसांसाठी रात्रभर प्रसारण झालं, तर कुठे दीड वर्ष नुसते पक्षी बोलत राहिले. या साऱ्या प्रयोगांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते. कोण, कुठे आणि कोणत्या वेळी ऐकणार आहे हे आधी ठरवून जी केंद्रं निघाली, ती कामाची ठरली. काय वाजवायचं हे त्यांना त्यातूनच उमगत गेलं.

एकसारखेपणा आला कुठून

आज आपण ऐकतो तो साचा अमेरिकेत घडला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ओमाहा शहरातले केंद्रचालक टॉड स्टोर्झ यांनी मोजकी लोकप्रिय गाणी दिवसभर पुन्हा पुन्हा वाजवण्याची पद्धत रूढ केली. ‘टॉप फॉर्टी’ या नावाने ती जगभर गेली.

आपल्याकडे त्याच दशकात नेमकं उलट चाललं होतं. माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतं जवळजवळ बंद झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरात पोहोचली ती याच काळात. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने श्रोत्यांचं म्हणणं मान्य केलं. श्रोत्याला काय हवं ते न विचारता त्याच्यासाठी ठरवणं किती महागात पडतं, याचा हा आपल्या घरचा धडा आहे.

खासगी एफएमचं युग २००१ मध्ये बंगळुरूपासून सुरू झालं. लहरी लिलावात विकल्या गेल्या. कोट्यवधी रुपये मोजून घेतलेल्या लहरीवर धोका पत्करायला कोण तयार होणार? त्यातच खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात, एवढीच सवलत. बातम्या आणि त्यांवरची चर्चा वगळली की उरतात गाणी आणि गप्पा. तरीही कुणी प्रयत्नच केले नाहीत असं नाही. २००७ च्या सुमारास ‘म्याव’ या नावाने केवळ स्त्रियांसाठी, गाण्यांपेक्षा बोलण्यावर भर देणारं केंद्र दिल्ली, मुंबई आणि कोलकात्यात सुरू झालं. काही वर्षांत त्याच लहरीवर ‘ओये’ आलं, पुढे ‘इश्क’ आलं, आणि बोलणं मागे पडून गाणी पुन्हा पुढे आली. कल्पना चांगली असूनही जाहिरातीच्या हिशेबात बसत नाही म्हणून ती कशी सोडली जाते, हे इथे दिसतं.

१९५६: पुणे केंद्राचा प्रयोग

चाकोरीबाहेरचा रेडिओ परदेशातून शिकायला हवा असं वाटणाऱ्यांनी आधी पुण्याकडे पाहावं. कॅनडात १९४० च्या दशकात ‘फार्म रेडिओ फोरम’ नावाची चळवळ होती. शेतकऱ्यांनी गटाने कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि ठरेल ते करायचं, अशी तिची रीत. युनेस्कोच्या मदतीने १९५६ मध्ये हाच प्रयोग आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मराठीत केला. त्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोता मंडळ, त्याचा एक निमंत्रक आणि सार्वजनिक जागी एक रेडिओ संच. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई.

खरं काम सुरू होई ते कार्यक्रम संपल्यावर. संच बंद करून मंडळ बोलायला बसे. चर्चेत निघालेले प्रश्न आणि शंका लिहून केंद्राकडे जात, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं मिळत. म्हणजे कार्यक्रमाचा पुढचा भाग काही अंशी गावच लिहीत असे.

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केलं. त्यांनी मंडळं असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली: जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं अशी आणि जिथे रेडिओही नव्हता अशी. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांना तेवढा लाभ झालेला दिसला नाही. संच तोच होता आणि आवाजही तोच होता. फरक पडला तो ऐकल्यावर बोलायला मिळालेल्या जागेमुळे. नव्या केंद्राचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष समोर ठेवावा, इतका तो आजही ताजा आहे. पुढे ही योजना देशभर नेली गेली, पण पुण्यातली निगराणी आणि दुतर्फा पत्रव्यवहार सगळीकडे टिकला नाही आणि मंडळं हळूहळू विरून गेली.

त्याच सुमारास आपल्या सीमेवर आणखी एक विलक्षण केंद्र चालू होतं. गोवामुक्तीसाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये भूमिगत नभोवाणी सुरू केली. सुरुवातीला आंबोलीच्या जंगलातून पोर्तुगीज आणि कोकणीत प्रसारण होई. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ते चाललं, आणि मुक्तीची बातमी या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर पणजीला ऐकवली. श्रोता ठरलेला, हेतू ठरलेला, आणि हेतू साधल्यावर केंद्राचं काम संपलेलं.

श्रोता आधी, केंद्र नंतर

बोलिव्हियातल्या कथलाच्या खाणींत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कामगार संघटनांनी स्वतःची केंद्रं उभारली. खर्च कामगारांच्या वर्गणीतून निघे. एरवी त्यांवर निरोप, गाणी, खेळ आणि सभांच्या सूचना असत. संकटकाळी हीच केंद्रं एकमेकांशी जोडून साखळी होई. जुलै १९८० मध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा या साखळीने अखेरपर्यंत बातम्या दिल्या आणि सैन्याने एकेक केंद्र ताब्यात घेतलं.

कोलंबियातलं उदाहरण आणखी हेलावणारं आहे. पत्रकार एर्बिन ओयोस यांचं १९९४ मध्ये बंडखोरांनी अपहरण केलं. जंगलात त्यांना आधीपासून कैदेत असलेला एक ओलीस भेटला. त्याच्याजवळ छोटा रेडिओ होता. पत्रकार आमच्यासाठी काहीच का करत नाहीत, असं त्याने विचारलं. सुटका झाल्यावर ओयोस यांनी काराकोल रेडिओवर ओलिसांसाठी कार्यक्रम सुरू केला. शनिवारच्या मध्यरात्रीपासून रविवारी पहाटेपर्यंत नातेवाइकांनी यायचं किंवा फोन करायचा आणि आपल्या माणसाशी बोलायचं: आई कशी आहे, मुलगी कितवीत गेली, घराला रंग दिला. पलीकडून उत्तर येण्याची सोयच नव्हती. २००२ ते २००८ अशी सहा वर्षं कैदेत काढलेल्या इंग्रिद बेतांकूर यांनी, आईचा आवाज आपल्याला रेडिओवर ऐकू येत असे, हे सुटकेनंतर सांगितलं. दोन दशकांहून अधिक काळ चालून हा कार्यक्रम २०१८ मध्ये थांबला. ऐकणाऱ्याला जिवंत ठेवण्याचं काम रेडिओ करू शकतो, याचा याहून मोठा पुरावा माझ्या माहितीत नाही.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डब्ल्यूएमएमटी हे छोटं सामुदायिक केंद्र आसपासच्या तुरुंगांतल्या कैद्यांना त्यांच्या घरच्यांचे निरोप दर आठवड्याला ऐकवतं. ब्युनोस आयर्समधल्या बोर्डा मनोरुग्णालयात १९९१ पासून ‘ला कोलिफाता’ हा रेडिओ तिथले रुग्णच चालवतात. आपल्याकडे पुण्याच्या येरवडा कारागृहात बंद्यांनी चालवलेला अंतर्गत रेडिओ आहे. नागपुरात २०२२ मध्ये ‘रेडिओ अक्ष’ हा इंटरनेट रेडिओ दृष्टिबाधितांसाठी सुरू झाला. तामिळनाडूत पांबन बेटावरचं ‘कडल ओसै’ मच्छीमारांसाठी बोलतं; समुद्र आणि वारा हेच त्याचे रोजचे विषय.

ठरावीक काळापुरतं केंद्र

केंद्र कायमचंच हवं, हाही एक समज आहे. ब्रिटनमध्ये काही आठवड्यांपुरता छोट्या पल्ल्याचा परवाना मिळतो. महोत्सव आणि क्रीडास्पर्धांसाठी तो घेतात. अनेक शहरांत रमझानच्या महिन्यापुरतं केंद्र त्यावर चालतं.

जपानने या कल्पनेला संकटाच्या वेळी कामाला लावलं. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहराला भूकंपाने उद्ध्वस्त केलं. नागाता भागात कोरियन आणि व्हिएतनामी कुटुंबं मोठ्या संख्येने होती. पाणी कुठे मिळेल, अर्ज कुठे भरायचा, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. स्वयंसेवकांनी त्यांच्या भाषांत छोटी केंद्रं सुरू केली. ती एकत्र येऊन वर्षभराने ‘एफएम वाय-वाय’ हे बहुभाषक केंद्र उभं राहिलं आणि वीस वर्षं चाललं. २०१६ पासून ते इंटरनेटवर गेलं. आपत्तीच्या वेळी नगरपालिकांना तातडीने तात्पुरतं केंद्र सुरू करू देण्याची तरतूद जपानमध्ये आहे. २०११ च्या त्सुनामीनंतर अशी जवळपास तीस केंद्रं उभी राहिली.

माणसाच्या आवाजाविना

ब्रिटनमध्ये २००८ च्या सुरुवातीला ‘वनवर्ड’ हे साहित्याला वाहिलेलं डिजिटल केंद्र बंद पडलं. रिकामी लहर चालू ठेवायची म्हणून अभियंत्यांनी तिथे एका बागेत टिपलेल्या पक्ष्यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण लावलं. तो वीसेक मिनिटांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला. लोक तो आवडीने ऐकू लागले, आणि २००९ मध्ये ती जागा नव्या संगीत केंद्राला दिल्यावर पक्षी गेल्याची तक्रारही केली. बीबीसी रेडिओ थ्रीने २०१७ मध्ये ‘स्लो रेडिओ’ सुरू करून संथ, निसर्गातल्या ध्वनींना रीतसर वेळ दिला. अमेरिकेच्या हवामान खात्याचं रेडिओ जाळं तर चोवीस तास मुख्यतः हवामानच सांगतं.

शास्त्रीय संगीताला वाहिलेली पूर्णवेळ वाहिनी आपल्याकडे उपग्रह रेडिओ ‘वर्ल्डस्पेस’ने दिली होती. तिचं ‘गंधर्व’ ऐकणारे रसिक महाराष्ट्रात भरपूर होते. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००९ संपताना सेवा बंद पडली. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी आकाशवाणीने ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली. केवळ वर्गणीवर आणि एकाच कंपनीवर अवलंबून असलेलं केंद्र रातोरात जाऊ शकतं. सार्वजनिक संस्थेच्या आधाराला पर्याय नाही, हे यातून ध्यानात घ्यावं.

मिस्ड कॉलवरचा रेडिओ

प्रक्षेपकाशिवायही रेडिओ चालतो. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. साध्या फोनवरून ठरलेला नंबर लावायचा. एक बटण दाबलं की आपलं म्हणणं ध्वनिमुद्रित होतं, दुसरं दाबलं की इतरांचं ऐकू येतं. आलेला निरोप संपादक तपासतात आणि मगच सर्वांसाठी खुला करतात. हातपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी थकली आहे, अशा तक्रारींसोबत संबंधित अधिकाऱ्याचा नंबरही दिला जातो आणि दूरदूरचे श्रोते त्याला फोन करतात. गोंडीत बोलणाऱ्यांना स्वतःच्या भाषेत ऐकण्या-बोलण्याची जागा त्यामुळे मिळाली.

बाजारानेही ही युक्ती उचलली. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०१३ मध्ये बिहार-झारखंडमध्ये ‘कान खजूरा टेसन’ आणलं: मिस्ड कॉल द्या, उलट फोन येईल, त्यावर गाणी, विनोद आणि जाहिराती फुकट ऐका. वीज आणि टीव्ही नसलेल्या भागात ते तुफान चाललं. यंत्रणा बरीचशी सारखीच, पण एकीकडे श्रोता बोलतो आणि दुसरीकडे त्याला ऐकवलं जातं.

दोन इशारे

नवीन म्हणजे चांगलंच, असं नाही. पोलंडमधल्या ‘ऑफ रेडिओ क्राकुफ’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये माणसांऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेचे निवेदक बसवले आणि २०१२ मध्ये निवर्तलेल्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची बनावट ‘मुलाखत’ही प्रसारित केली. लोक संतापले आणि आठवडाभरात प्रयोग गुंडाळावा लागला. पलीकडे माणूस आहे हा विश्वास गेला, की रेडिओत उरतं ते यंत्राच्या आवाजातलं गाण्याचं ॲप.

दुसरा इशारा भयंकर आहे. रवांडातलं ‘आरटीएलएम’ १९९३ मध्ये सुरू झालं ते मोकळ्याढाकळ्या गप्पा आणि लोकप्रिय गाण्यांनी. श्रोत्यांशी त्याची जवळीक होती. याच जवळिकीचा वापर करून १९९४ मध्ये त्याने तुत्सींच्या हत्याकांडाला चिथावणी दिली. केंद्रचालकांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवलं. लोकांजवळ जाणाऱ्या केंद्राला संपादकीय शिस्त आणि उत्तरदायित्व अधिकच हवं.

महाराष्ट्रात काय करता येईल

हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ खुला झाला. तेलंगणातल्या माचनूरचं दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेलं ‘संगम रेडिओ’ आणि आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडचं ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही २००८ मधली केंद्रं त्यातून आली. अशा केंद्राला साधारणपणे १०० वॅटची मर्यादा आहे, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक हवेत, ही अट चांगलीच आहे. बातम्यांना मात्र इथेही मनाई. तरीही स्थानिक प्रशासनाने दिलेली हवामान, वाहतूक, पाणी-वीज आणि नैसर्गिक आपत्तीची माहिती नियमात बातमी धरली जात नाही. एवढ्या फटीतूनही बरंच काही करता येईल. मला तीन केंद्रं तातडीने हवीत असं वाटतं.

पहिलं पूरकाळाचं. पावसाळ्यात कोल्हापुरात माणसं एकमेकांना एकच विचारतात: पाणी किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. पूर आला की वीज जाते, मग मोबाइलचे टॉवर बंद पडतात, आणि उरतो तो सेलवर चालणारा रेडिओ. दर अर्ध्या तासाला पाणीपातळी, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, कोयना आणि अलमट्टीतून किती क्युसेक विसर्ग, कोणता रस्ता बंद, जनावरांसह बाहेर कधी पडायचं, हे चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंतच्या गावांना त्यांच्याच बोलीत सांगणारं केंद्र जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत चालावं. एरवी ते बंद राहिलं तरी चालेल.

दुसरं ऊसतोड कामगारांचं, फोनवर चालणारं. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, धाराशिव आणि अहिल्यानगर भागांतून लाखो माणसं कारखान्यांच्या फडांत उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाशेजारची कोपी, आणि गावी आजी-आजोबांपाशी ठेवलेली मुलं. एका गावाला धरून बसलेलं १०० वॅटचं केंद्र या फिरत्या समाजाला पुरं पडणार नाही. मिस्ड कॉलवर टनाचा दर कळावा, उचलीचा हिशेब कसा ठेवायचा ते समजावं, जवळचा दवाखाना आणि साखरशाळा कुठे ते सांगता यावं. आणि आठवड्यातून एक रात्र केवळ घरच्या निरोपांची असावी. छत्तीसगडने तंत्र दाखवून दिलं आहे आणि केंटकीने निरोपांची रीत. महाराष्ट्राने दोन्ही जोडायचं आहे.

तिसरं केंद्र आवाजांच्या ठेव्याचं. आकाशवाणीच्या मुंबई-पुणे केंद्रांनी दशकानुदशकं श्रुतिका, नभोनाट्यं, भाषणं आणि लोकसंगीत ध्वनिमुद्रित केलं. दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची. दिवाळीचा एक महिना चोवीस तास कथा, नाट्यवाचन, जुन्या श्रुतिका आणि नव्या लेखकांचं स्वतःच्या आवाजातलं वाचन ऐकवणारा ‘बोलता दिवाळी अंक’ निघाला, तर तो गावातल्या आजीपासून परदेशातल्या मराठी घरांपर्यंत ऐकला जाईल. त्यासाठी जुना संग्रह कपाटाबाहेर यायला हवा.

यातल्या एकाही कल्पनेला अवाढव्य खर्च नाही. अडतं ते धोरणाशी. सरकारने काही महिन्यांपुरता परवाना देण्याची सोय करावी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात रेडिओ केंद्राला जागा द्यावी. सामुदायिक केंद्रांना जबाबदारीच्या अटींसह स्थानिक बातम्या देऊ द्याव्यात. गावाच्या पाणीयोजनेवर गावच्या केंद्राने बोलू नये, याला कोणतंच समर्थन नाही. आणि वाचकांना एक विनंती: तुमच्या तालुक्यात, विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात सामुदायिक रेडिओ असेल, तर तो आठवडाभर ऐका, त्यांना फोन करा आणि तुमच्या भागाला काय हवं ते सांगा. पुणे केंद्राच्या प्रयोगातल्या १५० गावांनी १९५६ मध्ये पत्रं लिहून कार्यक्रम बदलले होते. आज तर फोन प्रत्येकाच्या हातात आहे.